पाठीवरची चेन

समुद्रावर जायचं सामान गुन्वोर आठवडाभर चोरून बांधत होती, आणि तेही स्वतःच्याच घरातून. लोकरीचे पायमोजे बटाट्यांच्या टोपलीत तळाशी घालून होडीघरात गेले. झोपायची पिशवी धुण्याच्या चादरीत गुंडाळून गेली. स्टो तर तिनं एप्रनखाली धरून नेला, पोटुशी बाई चालते तशी पोटावर हात ठेवून, आणि साठी उलटल्यावर हे सोंग करताना तिचं तिलाच हसू आलं. हसू आलं आणि लागोपाठ रागही आला. घरातून पळून जाणाऱ्या पोरीला करावा लागत नाही एवढा आटापिटा या बाईला एका आठवड्याच्या सुट्टीसाठी करावा लागत होता.

हा सगळा खटाटोप नवऱ्याच्या नजरेला काही पडू नये म्हणून. आयलर्टच्या डोक्यातून गेली काही वर्षं एकेक गोष्ट निसटत चालली होती. आधी नावं गेली, मग वार गेले, मग जेवलो की नाही हेही जाऊ लागलं. सामान बांधणं मात्र गेलं नाही. तोंड उघडी पिशवी दिसली की हा माणूस बूट चढवून दाराशी उभा. वसंतात गुन्वोर डोळे दाखवायला शहरात निघाली होती. नर्स येईपर्यंत तासाभराचाच प्रश्न होता, पण आयलर्टनं तिची बॅग पाहिलेली होती. तो जो होडीघरात जाऊन बसला तो भरतीची वाट बघत बसूनच राहिला. लोकांनी उठवून आणला तेव्हा बोटं निळी पडली होती आणि वर तो त्यांनाच रागावत होता, की तुमच्यामुळे पाणी उतरलं.

आमच्या उत्तरेकडच्या हेल्गेलांडच्या किनाऱ्यावर आयलर्टकडे कयाक, म्हणजे एकट्यानं वल्हवायची निमुळती होडी, चालवायला शिकला नाही असा माणूस मिळणं कठीण. शाळेच्या होडीघरात तो शनिवारचा वर्ग घ्यायचा. गुन्वोर त्याच शाळेच्या स्वयंपाकघरात होती. तिला स्वतःला समुद्राचं वेड कधीच नव्हतं. तिला आयलर्टचं होतं, आणि तो पाण्यावर असायचा, म्हणून ती पाण्यावर गेली. लग्नानंतर दर ऑक्टोबरात दोघं निघायची. उन्हाळी हौशे-नवशे परत गेलेले असायचे, बाहेरची बेटं रिकामी, सकाळी तंबूवर हिमाची साय. लोक म्हणायचे, या दोघांना थंडी वाजत नाही का? वाजायची की. पण सामान असं बांधलेलं असायचं की थंडी वाजायच्या आधी कोरडे मोजे हाताला लागायचे.

या गारठ्यात अंगावर सूट लागतो. मानेपासून पावलांपर्यंत एकसंध, गळ्याला आणि मनगटांना रबराच्या आवळ पट्ट्या, म्हणजे पाण्यात पडलं तरी थेंब आत जायचा नाही. त्याची चेन पाठीवर असते, या खांद्यापासून त्या खांद्यापर्यंत आडवी. हल्ली पुढून चेन असलेले सूट मिळतात, सगळे तेच घेतात. आयलर्टला ते अजिबात पसंत नव्हते. पाठीवर चेन असली म्हणजे माणूस एकटा मरायला जात नाही, असं तो वर्गात ठणकावून सांगायचा. त्याची चेन तिनं लावायची, तिची त्यानं. इतकी वर्षं तेच चालत आलं होतं, आणि त्यात आपण कुठे अडकतोय असं गुन्वोरला कधी वाटलंही नव्हतं.

आता वाटत होतं. सकाळी डोळा उघडल्यापासून वाटायचं. आयलर्ट तिला नजरेआड होऊ देत नसे. ती न्हाणीघरात गेली तरी दाराबाहेरून हाक, "गुन्वोर, कुठेयस?" रात्री उठून तो होडीची दोरी शोधायचा, मग ती उठायची. त्याला धरून उठवता-बसवता तिचा उजवा खांदा आखडला होता, हात डोक्यावर जाईना. लांबच्या स्टॅव्हेंगर शहरातून मुलाचा रविवारी फोन यायचा. "आई, तू स्वतःसाठी पण काहीतरी कर हं," असं तो म्हणायचा. मोठा शहाणा! सांगायला काय जातं? फोन ठेवला की तो आपला मोकळा.

शेवटी नगरपालिकेच्या तोवेनं मनावर घेतलं. तोवे म्हणजे घरी येणारी नर्स, चाळिशीची, बोलायला फटकळ, पण मनानं फार चांगली. तिनं आयलर्टसाठी देखभाल केंद्रात आठवड्याची जागा मिळवली. याआधी दोनदा मिळवली होती. पहिल्यांदा आयलर्टनं दाराची चौकट धरली ती सोडली नाही. दुसऱ्यांदा गाडीत बसला आणि वळणावर दार उघडून उतरायला बघू लागला.

"या वेळी नाही गेला ना, तर ईस्टर होईपर्यंत मी काही करू शकत नाही," तोवेनं सांगून टाकलं होतं. "रांग लागलीय लोकांची. उद्या सकाळी मी येते. तू फक्त त्याला संशय येऊ देऊ नकोस."

ईस्टर म्हणजे अख्खा हिवाळा पलीकडे. दुपारी दिवा लावायचा आणि त्या दिव्याखाली दोघांनी एकमेकांकडे बघत बसायचं. तेवढा हिवाळा आपल्याच्यानं निघणार नाही, हे गुन्वोरला पक्कं कळून चुकलं होतं. तिला एक आठवडा हवा होता. एक आठवडा, ज्यात तिला कुणी कुठेयस म्हणून विचारणार नाही.

जुनी मैत्रीण सिन्नेव उद्याच फेरीबोटीनं आपली कयाक घेऊन यायची होती. सिन्नेवनं सकाळी फोनवर बजावलं, "सूट घालून बघितलास का? नाही? मग बघ बाई आधी. वापर नसला की गळ्याचं रबर सुकतं. धक्क्यावर उभी राहून फाडशील आणि मग बसू दोघी रडत."

म्हणून जेवणानंतर आयलर्ट कोचावर लवंडला, घोरू लागला, तशी गुन्वोर होडीघरात गेली. कयाक भरून तयार होती, ताडपत्रीखाली. तिनं सूट खुंटीवरून काढला, रबराला पावडर लावली आणि आत शिरली. गळा शाबूत होता. मनगटं शाबूत होती. राहिली चेन. हात मागे जात नव्हता. तेव्हा तिनं आमच्याकडची सगळी आळशी माणसं करतात ती युक्ती केली. चेनेच्या टोकाला दोरी बांधली, दोरीचा फास भिंतीतल्या जाळ्याच्या खिळ्यात अडकवला आणि हळूहळू भिंतीपासून लांब सरकत गेली. चेन सर्रकन लागली. वा! तिला केवढा आनंद झाला. आणि शेवटच्या दाताशी दोरी सुटली आणि खिळ्यालाच लोंबकळत राहिली.

चेनेचं टोक आता खांद्याच्या मागे होतं, आखडलेल्या हाताच्या पार पलीकडे. तिनं डावा हात मागे घातला. बोटांना कापड लागलं, टोक काही लागेना. भिंतीच्या कोपऱ्यावर पाठ घासून बघितली, म्हैस खांबाला घासते तशी. वल्ह्याच्या दांड्यानं ढकलून बघितलं. आत घाम सुटायला लागला. गळ्याचं रबर थुंकी गिळताना आवळत होतं. श्वास नीट येत होता, पण येत नाहीये असं वाटायला लागलं, आणि एकदा तसं वाटलं की मग संपलंच. गुन्वोर मटकन उलट्या होडीवर बसली.

शेजारची तिन्ही घरं उन्हाळी लोकांची, सप्टेंबरातच कुलपं लागलेली. सिन्नेव उद्या येणार. समोर फळीवर दोर कापायची सुरी होती. तिनं ती उचलली, टोक छातीवर टेकवलं. उभा चिरला की सुटका. पण सूट चिरला की उद्याचं जाणंही गेलं, दुसरा सूट आणायचा कुठून? सुरी हातात धरून ती किती वेळ बसली कोण जाणे. आपल्याला मोकळं करू शकेल असा कोसभरात एकच माणूस आहे, आणि नेमकं त्याच्यापासूनच आपण पळतोय, हे तिच्या ध्यानात आलं, आणि तिला इतकी चीड आली की तिनं सुरी फळीवर आपटली.

तोवेला फोन करावा, तीच येऊन सोडवील. पण फोन स्वयंपाकघरात टेबलावर. गुन्वोर चोरपावलांनी घराकडे निघाली. त्या सुटात कसली चोरपावलं! पाऊल टाकलं की चर्र, हात हलवला की चर्र. तिनं दार बोटभर उघडलं. आयलर्ट टेबलाशी उभा होता. केस विस्कटलेले, एका पायात चप्पल, हातात तिचाच फोन, उलटा धरलेला.

त्यानं तिला वरपासून खालपर्यंत बघितलं. आणि काय सांगावं, महिनोन्‌महिने न दिसलेलं हसू त्याच्या तोंडावर पसरलं.

"निघायचं?" तो म्हणाला. "मला उठवायचं नाही का गं?"

गुन्वोरनं त्याच्याकडे पाठ केली. "आयलर्ट, इकडे ये. माझी चेन उघड."

"उघड? समुद्र तिकडे आणि तू सूट काढतेस? डोकं ठिकाणावर आहे ना तुझं?"

"गरम होतंय मला. उघड ना."

"पाण्यात उतरलीस की गार होशील," असं म्हणून तो तिच्या बाजूनं बाहेर पडलासुद्धा, तसाच, एका चपलेवर. ती त्याचं जाकीट घेऊन मागे धावली, चर्र चर्र करत.

होडीघरात जाऊन त्यानं थेट ताडपत्री ओढली. भरलेली कयाक बघून क्षणभर खूश झाला, मग झाकण उघडून आत हात घातला आणि तोंड वाकडं केलं.

"हे कुणी भरलं?"

"मी."

"पाण्याचे कॅन पुढच्या टोकाला? मागून वारा सुटला की गोल गोल फिरत बसशील, कुत्रं शेपटीमागे फिरतं तशी. आणि ही पिशवी एवढी फुगलेली का? हवा भरून घेऊन जायचीय का बेटावर?"

आणि तो गुडघ्यांवर बसला. सगळं बाहेर काढलं. दुपारीच तो उजवा बूट डाव्या पायात कोंबत होता आणि घास तोंडात धरून गिळायचं विसरला होता. आता त्याचे हात बघत राहावेत. पाणबंद पिशवीवर गुडघा दाबून हवा काढायची, तोंड तीनदा दुमडायचं, लांब पिशवी आधी आत, टोकाला. पाण्याचे कॅन बसायच्या जागेच्या अगदी मागे, खाली. सुकं मांस, तपकिरी चीज आणि कुरकुरीत भाकऱ्या एकीकडे, रॉकेल दुसरीकडे. कोरडे मोजे सगळ्यात वर. एक शब्द न बोलता, कुठेही न अडखळता. गुन्वोर भिंतीला टेकून उभी होती, आतून घामानं निथळत होती, आणि एवढ्या अवघड वेळीही तिला तो फार आवडला.

तंबू हातात आला तेव्हा तो थांबला. तंबूची पिशवी त्यानं हातावर तोलली.

"हा छोटा तंबू आहे."

तिनं पिशवी घ्यायला हात पुढे केला.

"यात दोघं मावणार नाहीत, गुन्वोर."

तो उठला आणि खुंट्यांकडे गेला. एका खुंटीवर तिचा सूट असायचा, तो तिच्या अंगावर होता. दुसरी खुंटी रिकामी. "माझा कुठंय?" त्यानं विचारलं.

त्याचा सूट तिनं केव्हाच एका पोराला विकला होता. हा प्रश्न त्यानं याआधीही विचारला होता, आणि दुरुस्तीला दिलाय, हे उत्तर तिच्या जिभेवर तयारच असायचं. आजही होतं. पण दुरुस्तीला दिलाय म्हटलं की तो म्हणणार, मग येईपर्यंत थांबू. उद्या तोवे आली की हा चौकट धरून उभा राहणार, सूट यायचाय म्हणणार, आणि मग अख्खा हिवाळा. तिनं तोंड उघडलं, आणि गळ्याच्या त्या रबरातून खोटं काही बाहेर पडेना.

"विकला," ती म्हणाली. "तू येत नाहीयेस आयलर्ट. मी चाललेय, सिन्नेवबरोबर. तू आठवडाभर केंद्रात राहणार आहेस. तोवे उद्या न्यायला येतेय. मी दमलेय रे. मेटाकुटीला आलेय. मला एकदा रात्रभर झोपायचंय, कुणाची हाक न ऐकता. तू नकोयस असं नाही. पण एक आठवडा नकोयस. आणि मला यातून बाहेर काढ आता, नाहीतर मी खरंच मरेन इथं!" शेवटचं वाक्य ती ओरडलीच. ओरडली आणि हमसून हमसून रडायला लागली. वाकून, हात गुडघ्यांवर ठेवून.

आयलर्ट काहीच बोलला नाही. मग तिच्या मागे आला. एका हातानं त्यानं खांद्याजवळचं कापड ताणून धरलं आणि दुसऱ्या हातानं चेन ओढली, झटका न देता, एका दमात. गार हवा पाठीवर आली. त्यानं तिच्या गळ्याच्या रबरात दोन बोटं घालून ते रुंद केलं, आणि तिनं डोकं बाहेर काढलं.

ती वळली. आता ओरडेल, आता बाहेर पळेल, असं तिला वाटत होतं. तो तिच्याकडे बघून नम्रपणे हसत होता.

"एकट्यानं चेन लावायची असेल तर दोरी पक्क्या गाठीनं बांधावी लागते," तो म्हणाला. "सगळेच फसतात. तुम्ही शनिवारच्या वर्गातल्या ना? माफ करा, नाव लक्षात राहत नाही माझ्या."

"हो," ती म्हणाली. "शनिवारच्या."

"थंडीत निघालात म्हणून विचारतो. घरी कोण आहे मागे?"

"नवरा."

"त्याला सांगितलंत ना? न सांगता निघालेल्या माणसाला मी पाण्यात उतरू देत नाही. किनाऱ्यावर कुणीतरी वाट बघणारं पाहिजे, आणि आपण वाट बघतोय हे त्याला माहीतही पाहिजे."

"सांगितलं," ती म्हणाली. "आत्ताच सांगितलं."

"मग? काय म्हणाला?"

तिनं त्याच्या तोंडाकडे बघितलं. "गप्प बसलाय."

"हात्तिच्या!" आयलर्ट म्हणाला. "म्हणजे जा म्हणतोय. नाही म्हणायचं असलं की पुरुष गप्प बसतात का कधी?"

आणि तो परत गुडघ्यांवर बसून झाकण लावू लागला. तिनं त्याला जाकीट घातलं, दुसरी चप्पल आणून पायात सरकवली, हात धरून घरी आणलं. रात्री तो नेहमीसारखाच दोनदा उठला, दोरी शोधायला, आणि तीही दोनदा उठली. परवानगी मिळाली होती, पण देणाऱ्यानं ती शनिवारच्या वर्गातल्या कुण्या बाईला दिली होती. बायकोला दिली नव्हती. हे तिला अंथरुणात पडल्या पडल्या फार टोचलं.

सकाळी तोवेची गाडी आली तेव्हा आयलर्ट टेबलाशी बसून भाकरीला लोणी लावत होता. चांगली सकाळ होती त्याची. उठल्याबरोबर त्यानं तिला नावानं हाक मारली होती आणि केस कधी पिकले गं तुझे, म्हणून चिडवलंही होतं.

तोवेनं गुन्वोरला दाराबाहेर गाठलं. "मी त्याला म्हणते, केंद्रात केकचा कार्यक्रम आहे, कॉफी पिऊन लगेच येऊ. तू आत जाऊन बस, तोंड दाखवू नकोस."

"नको," गुन्वोर म्हणाली.

"अगं, वेडी आहेस का? या वेळी बसला नाही तर…"

"माहितीय मला. तरी नको."

ती आत गेली, त्याच्यासमोर खुर्ची ओढून बसली. "आयलर्ट, माझ्याकडे बघ. मी सिन्नेवबरोबर समुद्रावर चाललेय. एक आठवडा. तू येत नाहीयेस. तू तोवेबरोबर केंद्रात जायचंस, मग मी तुला न्यायला येईन."

त्यानं सुरी खाली ठेवली. लोणी लावलेली भाकरी तशीच ताटलीत. तो खिडकीबाहेर बघत राहिला आणि गुन्वोर त्याच्याकडे. तोवे दारात उभी होती, ओठ चावत. हा आता टेबल धरील, असं तिघांपैकी दोघींना तरी नक्की वाटत होतं.

"मी आलो तर काय होईल?" शेवटी त्यानं विचारलं.

"बुडशील," ती म्हणाली. "आणि तुझ्या मागे मी."

त्यानं ताटली बाजूला सारली. मग म्हणाला, "चेन कोण लावणार तुझी?"

"सिन्नेव."

"सिन्नेव!" तो तुच्छतेनं म्हणाला. "तिला झटके द्यायची खोड आहे. दात तुटतील. जाकीट दे माझं."

तोवेच्या गाडीतून तो धक्क्यावर आला. फेरीबोट लागलेली होती, सिन्नेव आपली कयाक उतरवून घेत होती. ती काही बोलणार तोच तोवेनं तिला खूण केली. गुन्वोरनं सूट चढवला आणि त्याच्याकडे पाठ केली. आयलर्टनं खिशात मेणबत्तीचा तुकडा शोधला. नव्हता. मग सिन्नेवनं आपल्याकडचा दिला. तो त्यानं चेनेवर सावकाश घासला, प्रत्येक दातावर, जणू दिवसभर दुसरं काही कामच नाही. त्याचा श्वास तिच्या मानेला लागत होता. तिला वळून त्याला धरायचं होतं, म्हणायचं होतं, राहू दे, नाही जात. पण त्यानं कापड ताणून धरलं होतं, आणि चेन लागताना हलायचं नसतं.

ती लागली. त्यानं तिच्या खांद्यावर दोन थापा मारल्या, लागली म्हणून सांगायला, वर्गात मारायचा तशा. मग वळला आणि चालत जाऊन गाडीत बसला. पट्टा त्याला लावता येईना, तोवेनं लावला. त्यानं हात हलवला नाही की मागे बघितलं नाही.

गुन्वोर दिवसभर वल्हवत होती. वारा मागून होता. कयाक सरळ जात होती, एकदाही फिरली नाही. सिन्नेव काही काही बोलत होती, ती हं हं करत होती. बेटावर पोचल्या तेव्हा उजेड उतरणीला लागला होता. कयाका ओढून वर घेतल्या, आणि सिन्नेव तिच्या मागे येऊन उभी राहिली.

"चल, काढू तुझा सूट."

"थांब," गुन्वोर म्हणाली.

"थांब काय? आतून घामानं ओली झाली असशील. गारठशील आता."

"गारठू दे. थोडा वेळ राहू दे गं. त्यानं लावलीय."

सिन्नेवनं चेनेवरचा हात काढून घेतला आणि ती स्टो पेटवायला गेली.